बारागाड्यांची शिल्लक ओढ

तांबोळखेड्याच्या मैदानात लीलाधर शेठ केळीच्या बारा ट्रॉल्या दोन बोटांनी ओढत होते आणि बघणारे पोट धरधरून हसत होते.

शेठ म्हणजे काही मल्ल नव्हेत. स्वतःच्या घराचा जिना चढतानाही मध्ये एकदा टेकणारे गृहस्थ. पण त्यांनी पहिल्या ट्रॉलीच्या दांडीत दोन बोटं अडकवली, पाऊल उचललं, आणि एकीला एक जोडलेल्या बाराच्या बारा ट्रॉल्या, वर बसलेल्या पोराटोरांसकट, मुकाट त्यांच्या मागे निघाल्या. शेठ थांबले तशा त्याही थांबल्या.

"मंग, यंदा भगताले सुट्टी देऊन टाकू का?" शेठ ओरडले, आणि हशा आणखी उसळला.

तेजल नुकतीच एसटीतून उतरली होती. पाठीवरची पिशवीही तिने अजून खाली ठेवली नव्हती. तिने आधी ट्रॉल्या पाहिल्या, मग निंबाखाली ट्रॉल्यांकडे पाठ करून बसलेले आपले वडील, आप्पा, पाहिले. तेवीस वर्षं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी मरीमायच्या बारागाड्या कमरेला बांधून ओढणारा हा माणूस. गाव त्याला नुसत्या नावाने हाक मारत नसे, सुपडू भगत म्हणे. आज त्याच्या पाठीमागे तेच काम दोन बोटांनी चाललं होतं, आणि तेही लीलाधर शेठच्या!

दोष तसा कोणाचाच नव्हता. बैल प्रदर्शनापुरते उरले होते आणि लाकडी बैलगाड्या हॉटेलांच्या दारात कुंड्या ठेवायला गेल्या होत्या. यंदा सगळं शिवार धुंडाळूनही उत्सव समितीला तीनच गाड्या मिळाल्या, त्यातल्या दोहोंचे आस मोडलेले. तेव्हा ठरलं की केळीच्या ट्रॉल्या घ्यायच्या. त्या दारोदार होत्या, आणि दारोदार असलेल्या प्रत्येक ट्रॉलीला समओढ हूक होता. गावात त्याला आळशी हूक म्हणत.

त्या हुकाचं गौडबंगाल असं. दोन गाड्या जोडणारी पोलादी खीळ आतून पोकळ असते, आणि आतल्या भिंतीला केसाहून बारीक तारा चिकटवलेल्या असतात. पोलाद ओढलं की ताणलं जातं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण ताणलं जातं. त्याबरोबर तार ताणली जाते, तिच्यातून जाणारी वीज किंचित अडते, आणि त्यावरून हुकाला कळतं की पुढचा आपल्याला किती जोराने ओढतोय. लगेच ट्रॉलीच्या आसातली मोटर तेवढा जोर स्वतः लावते. खिळीवरचा ताण जातो, ओढणाऱ्याला मागे काही आहे हेच कळत नाही. उताराला याच्या उलट. ट्रॉली पुढच्याच्या अंगावर येऊ लागली की खीळ दबते आणि मोटर ब्रेकचं काम करते. हे सगळं इतक्या झपाट्याने चालतं की माणसाची पापणीसुद्धा त्यापुढे मंदच म्हणायची.

हे तेजलला सांगायची गरज नव्हती. चाकणजवळच्या एका ट्रेलर कंपनीत ती हेच काम करायची. हूक बाजारात आला तेव्हा ड्रायव्हर लोकांनी पेढे वाटले होते. मग भरलेली ट्रॉली मोकळी समजून घाटाच्या वळणावर गाड्या घालणं सुरू झालं. ट्रॉल्या दरीत गेल्या, माणसं गेली. वजन कळेनासं झालं की माणूस ते आहे हेच विसरतो, हे कंपनीला जरा उशिरा सुचलं. तेव्हापासून थोडी ओढ मुद्दाम ड्रायव्हरकडे ठेवायची पद्धत पडली. तिला शिल्लक ओढ म्हणतात. कुठल्या गाडीला, कुठल्या मालाला, कुठल्या रस्त्याला किती शिल्लक ठेवायची, हे ठरवणं तेजलचं काम. म्हणून तर समितीच्या वतीने शेठनी तिला फोन करून एक दिवस आधी बोलावून घेतलं होतं.

"आली का माय?" ती निंबाखाली येताच आप्पा मागे न वळता म्हणाले. "बस. घटकाभर बस."

ती बसली, आणि लगेच उठून उभी राहिली.

"आप्पा, यंदा राहू द्या ना. दुसऱ्या कोणाला..."

"ते हूक बंद करता येते का?"

"येतात."

"मंग बंद कर. सगळं वजन मले पायजे. लोकं हसू राह्यले, आयकू येते मले."

"आप्पा, जुनी लाकडी गाडी चिखलातल्या म्हशीसारखी. ढकलाल तेवढीच चालायची, सोडली की थांबायची. यांना बेअरिंगं आहेत. मोटर बंद केली तर ब्रेकही नाही. एकदा चालायला लागल्या की थांबणार कशा? दौलतकाकांचं काय झालं..."

ती बोलता बोलता थांबली. दौलतकाका, म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ, चार हात अंतरावरच बसले होते. भगताच्या दोन बाजूंना त्याच्या बगलेत हात घालून धावणारे दोघे असतात, त्यांना बगले म्हणतात. काका बगले होते. एका आखाजीला आप्पा देवळाकडच्या उतारावर अडखळले, तिथे लाकडी गाड्याही थांबल्या नाहीत, आणि काकांनी आप्पांना बाजूला ढकललं. तेव्हापासून काकांना एक पाय लाकडाचा.

"माह्या पायाचं मले इचार," काका म्हणाले. "त्याले काय इचारते? त्याचे दोन्ही शाबूत हायेत."

आप्पा हसले. हसता हसता त्यांनी छातीवर डाव्या बाजूला हात फिरवला. सवयीने फिरवल्यासारखा, पण तेजलला ती सवय नवी होती हे माहीत होतं. दिवाळीत जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून सांगितलं होतं, बारागाड्या विसरा, बादली उचलायची तरी दोनदा विचार करा. बाहेर येऊन तिने आप्पांना सांगितलं होतं, "जरा जपायला सांगितलंय." डॉक्टरांच्या बोलण्यातलं तिने एवढंच आप्पांपर्यंत पोचू दिलं होतं. कामाची सवय, दुसरं काय!

आणि आताही तिने तेच केलं.

"बरं," ती म्हणाली. "बंद करते सगळं."

तिच्या हिशेबाने गोष्ट सोपी होती. थांबवण्याचं काम पूर्णपणे हुकांकडे ठेवायचं, म्हणजे आप्पा थबकले की मागच्या सगळ्या जागच्या जागी थबकतील. आणि ओढण्यातली शिल्लक ठेवायची शंभरात पाच. तेवढ्याने साखळी ताणलेली दिसेल, आप्पांच्या कपाळावर घाम येईल, गावाला बारागाड्या मिळतील, तिला बाप मिळेल. खोटं बोलावं लागलं, पण कोणाचं काय बिघडलं?

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिने चाचणी घेतली. समितीच्या चौघा जणांना पहिल्या ट्रॉलीची दांडी धरायला सांगितली आणि स्वतः मैदानाच्या कडेने टॅबलेट घेऊन चालू लागली. पहिल्या पाच-सहा ट्रॉल्या छान निघाल्या. मग पुढच्यांपैकी एकाला ठेच लागली, तो क्षणभर अडखळला आणि पुन्हा चालू लागला. तेजलने सहज मागे पाहिलं. बारावी ट्रॉली गचकन थांबली, मग पुढे झेपावली, मग शेपूट हाणल्यासारखी आडवी फेकली गेली. तिच्यात ठेवलेलं पाण्याचं पिंप उडून मैदानात आपटलं आणि फुटलं.

"रिकामी हाये म्हणून," शेठ म्हणाले. "उद्या लोकं बसले का दबून जाईन."

तेजल चाकांनी मातीत काढलेले आडवे ओरखडे पाहत होती.

लहानपणी आगगाडी-आगगाडी खेळताना पुढचं पोर जरा थबकलं की मागचं त्याच्यावर आदळतं, त्याच्या मागचं आणखी जोरात, आणि शेवटचं पोर धुळीत जातं. इथे तेच होत होतं. प्रत्येक हूक फक्त आपल्या पुढच्या ट्रॉलीकडे बघत होता आणि तिची चूक जरा जास्तच उत्साहाने दुरुस्त करत होता. दोन ट्रॉल्या असत्या तर ते जाणवलंही नसतं, आणि कंपनीने दोनच जोडून पाहिल्या होत्या. ट्रॅक्टरच्या मागे बारा ट्रॉल्या जगात कोण लावतो? तांबोळखेडे लावतं.

उपाय एकच होता. शिल्लक वाढवायची. ओढ शिल्लक असली की साखळी ताणलेली राहते, आणि ताणलेल्या साखळीला झोके घ्यायला वाव नसतो. तिने आकडे पुन्हा पुन्हा मांडले. शंभरात वीस ठेवले तर शेवटची ट्रॉली शांत राहत होती. पण प्रत्येक हुकाने सोडलेली शिल्लक पुढच्यावर, त्याची त्याच्या पुढच्यावर, अशी गोळा होत होत शेवटी एकाच ठिकाणी येणार होती, ते म्हणजे आप्पांच्या कमरेवर. भरल्या बारा ट्रॉल्यांच्या ओढीचा पाचवा हिस्सा. पंचविशीतल्या गड्याचे डोळे पांढरे व्हावेत असा.

आणि शेवटच्या गाडीत बसायचा मान होता माहेरवाशिणींचा. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी, कडेवर लेकरं घेऊन.

ती शेठकडे गेली. "सहाच ट्रॉल्या जोडू या."

"सहा गाड्याले बारागाड्या म्हणू का मी?"

"मग शेवटच्या गाडीत बायका नकोत."

"हे तू जाऊन सांग बायकाइले. मी नई सांगत. मले घरी जेवाले जायचं हाये."

ती आप्पांकडे गेली. ते देवळाच्या ओट्यावर उपासाचं दूध पीत बसले होते. खरं सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं. सांगितलं असतं तर? शंभरात पाचही सांगावं लागलं असतं, दिवाळीतलं डॉक्टरांचं बोलणंही सांगावं लागलं असतं. एका खोट्याला सोडवायला गेलं की दुसरं गाठीत अडकलेलं असतं.

"केलं ना बंद?" त्यांनीच विचारलं.

"केलं."

त्यांनी पेला खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. "तुह्यं त्वांड सुकलं. जेवून घे बरं," एवढंच म्हणाले.

तिने मधला मार्ग काढला. दहा ठेवायचे. स्वतः बाराव्या ट्रॉलीत टॅबलेट घेऊन बसायचं. आप्पा सावकाश चालले, कोणी अडखळलं नाही, तर दहावर निभेल. मध्यम मार्ग बाकी कुठे बरा असेल तो असो, ट्रेलर जोडण्यात तो क्वचितच बरा असतो, आणि हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण एका टोकाला बाप होता आणि दुसऱ्या टोकाला लेकुरवाळ्या पोरी. ती तरी काय करणार!

आखाजीच्या दिवशी चार वाजल्यापासून मैदानात मुंगी शिरायला जागा उरली नाही. आप्पांनी हळदीने माखलेल्या अंगावर कमरपट्टा चढवला. काकांनी पट्ट्याच्या कडीत साखळी अडकवली, दोनदा ओढून पाहिली. तेजल बाराव्या ट्रॉलीच्या मागच्या फळीला टेकून बसली. तिच्याभोवती लुगड्यांची, गजऱ्यांची, लेकरांची दाटी झाली होती. शाळेतली मैत्रीण उज्ज्वला शेजारीच होती, मांडीवर वर्षाची मुलगी.

"तू काहून मोबाइल घेऊन बसली? गाणं म्हण ना!"

"म्हणते," तेजल म्हणाली. तिचं लक्ष पडद्यावर होतं. पडद्यावर एक रेघ होती. पहिल्या खिळीवर आप्पांची ओढ किती, ते दाखवणारी.

"मरीमायचा..." पुढून कोणी तरी आरोळी दिली. हजारो गळ्यांनी जयजयकार केला आणि रेघ हलली.

एक पाऊल. रेघ उंच चढली, उतरली. दुसरं पाऊल. तिसऱ्याला रेघ मध्येच रेंगाळली, जणू पुढे कोणी तरी विचारात पडलं होतं. तेवीस वर्षं ज्याच्या कमरेने गाड्यांचं वजन तोललं, त्याला हूक चालू असल्याचं तीन पावलांत कळलं होतं.

आणि मग आप्पा धावू लागले.

रागाने धावले की आनंदाने, हे रेघेवरून कळत नव्हतं. पण लोकांना तो चमत्कार वाटला. भगताच्या अंगात माय आली म्हणून मैदान पेटलं. हलगीवाल्याने ठेका धरला आणि ट्रॉल्यांवर उभी असलेली माणसं त्या ठेक्यावर एकदम, एका तालात उड्या मारू लागली. हुकांना त्या उड्या कळत होत्या. प्रत्येक उडीला खीळ ताणली जात होती, दबत होती, आणि प्रत्येक हूक ती दुरुस्त करायला धावत होता. झोका पुढून मागे येता येता वाढत होता.

बारावी ट्रॉली पहिल्यांदा डुलली तेव्हा पोरी खिदळल्या. दुसऱ्यांदा डुलली तेव्हा उज्ज्वलाने किंकाळी फोडली. तिसऱ्यांदा एका बाजूचं चाक जमिनीवरून उचललं गेलं आणि धपकन खाली आलं. उज्ज्वलाची मुलगी मांडीवरून घसरली. तेजलने तिला एका हाताने धरून छातीशी घेतलं, दुसऱ्या हातात टॅबलेट.

सगळं एकदम थांबवलं तर? साठ-सत्तर माणसं ट्रॉल्यांच्या मधल्या फटींत पडतील. ओरडून सांगितलं तर? कोण ऐकणार होतं? उरली होती फक्त पडद्यावरची शिल्लकीची पट्टी.

तिने अंगठा पट्टीवर ठेवला. दहाचे बारा केले. पुढे, बारा ट्रॉल्यांपलीकडे, तिला न दिसणाऱ्या माणसाच्या कमरेवर तिने आपल्या हाताने वजन टाकलं. रेघ उसळली. ट्रॉली अजून डुलतच होती. चौदा. "आप्पा," ती पुटपुटली. सोळा. रेघ थरथरायला लागली, पावलं आखूड झाली. ट्रॉलीचा झोका कमी झाला, पण गेला नव्हता, आणि समोर देवळाकडचा उतार दिसत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, छातीशी लेकरू रडत होतं, आणि अंगठा मात्र घाबरला नाही. अठरा. वीस.

ट्रॉली शांत झाली. साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत ताठ.

रेघ चढली, उतरली. चढली, अगदी सावकाश उतरली. एक पाऊल. आणखी एक. मग रेघ खाली आली आणि पुन्हा वर गेलीच नाही.

बाराच्या बारा ट्रॉल्या जिथल्या तिथे, हळुवार थांबल्या. हलगी बंद पडली.

तेजलने मुलगी उज्ज्वलाच्या हातात दिली आणि उडी मारली. बारा ट्रॉल्यांची लांबी ती कशी धावली हे तिला नंतरही आठवलं नाही. पुढे गर्दीचं कडं झालं होतं. काका लाकडी पाय आपटत "हवा येऊ द्या, हवा!" म्हणून ओरडत होते. आप्पा जमिनीवर बसले होते, दोन्ही हात मागे टेकून. चेहऱ्यावरची हळद घामाने वाहून गेली होती. पण डोळे उघडे होते.

"आलं मंग वजन," ते धापा टाकत म्हणाले. "पयलं काहून दडवलं व्हतं?"

ती त्यांच्या पुढ्यात मटकन बसली. "आप्पा, मी खोटं बोलले. तुम्हाला हलकं जावं म्हणून. पण मग शेवटची गाडी उलटायला लागली, म्हणून तुमच्यावर... मीच टाकलं. मीच."

"शेवटच्या गाडीत तू व्हती?"

"मी, आणि सगळ्या पोरी."

आप्पांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "मंग बरोबर केलं."

"डॉक्टरनं नुसतं जपा नव्हतं सांगितलं, आप्पा. बंद करा म्हणाले होते."

"माहीत हाये मले. दिवाळीपासून तू माह्यासंग डोळे वर करून बोलली का?"

शेठ गर्दी कापत आले. देऊळ समोरच होतं, हाकेच्या अंतरावर. इतक्या वर्षांत बारागाड्या देवळाच्या अलीकडे कधी थांबल्या नव्हत्या, आणि शेठच्या तोंडावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. ते वाकून तेजलच्या कानाशी लागले. "बाई, शून्य करून टाक. कोनाले काय समजते? भगताले उभं करतो, दोन बगले धरतील, आपोआप पोचतील गाड्या."

ते खरं होतं. हळू चालवलं तर शून्यावरही निभलं असतं. आप्पांचं नाव राहिलं असतं. तिने आप्पांकडे पाहिलं आणि या खेपेला त्यांनाच विचारलं. "आप्पा, करू?"

"नको," आप्पा म्हणाले. मग लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माह्यी ताकद अठीच सरली! नारळ अठीच फोडा. ज्याले दर्शन घ्यायचं हाये, त्यानं खाली उतरून पायी या."

काकांनी नारळ तिथेच, पहिल्या ट्रॉलीच्या चाकापुढे फोडला. आधी बाराव्या ट्रॉलीतल्या पोरी उतरल्या. मग एकेक करत सगळ्याच ट्रॉल्या मोकळ्या होत गेल्या. काही जण कुरकुरले, यंदा काही खरं नाही म्हणाले. तेही उतरलेच.

तेजलने कमरपट्टा सोडवला. पट्ट्याखाली कातडीवर लाल वळ उठले होते. तिने त्या वळांवर हात ठेवला तसे आप्पा कळवळले, तरी त्यांनी तिला हात काढू दिला नाही. तालुक्याहून दवाखान्याची गाडी निघाल्याचं कोणी तरी सांगितलं. ती देवळापाशी येणार होती.

"उठता येईल?"

"तू धर."

तिने खांदा त्यांच्या बगलेत दिला. काका दुसऱ्या बाजूला येऊ लागले तेव्हा आप्पांनी मान हलवली. ते उठले, एक पाऊल टाकलं, आणि मग स्वतःला सावरून धरणं त्यांनी सोडून दिलं. सगळा भार तिच्यावर आला. तेजलचे गुडघे वाकले. तिने दात ओठांवर रोवले आणि पाऊल पुढे टाकलं.

"जड होऊ राह्यलो का?" आप्पांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"होऊ दे," आप्पा म्हणाले.